गच्चीवरची येळवस

कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन राणी जिना चढायला लागली आणि वळणावर आडवी अडकली. पेंढीचं एक टोक भिंतीला, दुसरं पद्मावती आंटीच्या खिडकीच्या गजांत, आणि मधे राणी, ना वर ना खाली, केसांत ज्वारीचा वाळका पाला.

"अय्यो राणम्मा, इदेंटी!" घरमालकीण पद्मावती आंटी खिडकीतून ओरडली. "भैंस पालते क्या उपर?"

"नै आंटी, झोपडी बनारे. आज येळवस है ना हमारी."

"वो तो हर साल बनाते. इत्ती सी. इस साल क्या महल बनारे?"

"इस साल पूरा गाँव आरा."

आंटीनं कपाळाला हात लावला. "मेरा स्लॅब, राणम्मा! मेरा स्लॅब!"

वरून आप्पांनी, म्हणजे राणीच्या वडलांनी, नामदेवांनी, पेंढी एकदाची ओढली आणि पेंढीसोबत राणीही गच्चीवरच्या उन्हात जाऊन पडली. थंडीतलं मऊ ऊन. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या गच्च्यागच्च्यांवरून पतंग उडायला लागले होते. संक्रांत जवळ आली होती, आणि संक्रांत झाली की राणी मुंबईला आणि तिथून विमानानं थेट हॉलंडला जाणार होती, शिकायला. विमान, हॉलंड, राणी. हे शब्द एकापुढे एक ठेवून ती अजूनही रोज म्हणून बघायची.

आणि हे सगळं उभं होतं आप्पांच्या एका "हौ"वर, एका होकारावर. आणि तो "हौ" उभा होता एका गैरसमजावर.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. मांजरा नदीच्या काठाला, जिकडून ही माणसं आली, तिकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, म्हणजे पालेभाज्या-ओल्या दाण्यांची एकत्र भाजी, आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य. मग आंबिलीचं मडकं घेऊन आरोळ्या देत रानाला फेरी, पिकावर आंबील शिंपडायची, आणि शेवटी वाटेनं जाणाऱ्यालाही हाका मारमारून पंगतीला बसवायचं. पण आप्पांना आता रानच नव्हतं. नदीवर धरण झालं, रान पाण्याखाली गेलं, गावही गेलं. राणी तेव्हा लहान होती. तिला एवढंच आठवायचं की घराचा दरवाजा चौकटीतून काढून बैलगाडीत आडवा घातला होता आणि त्या दरवाजावर बसून ती गावाबाहेर पडली होती.

आप्पा हैदराबादला आले आणि मलकपेठच्या गंजात, तिथल्या घाऊक बाजारात, मिरचीच्या अडतीवर लागले. संध्याकाळी जिन्यात आधी शिंका ऐकू यायच्या आणि मागून आप्पा. पण गच्चीवर त्यांनी आपलं रान पुन्हा मांडलं होतं. अर्धी कापलेली डांबराची पिंपं, एक फुटका टब, मिरचीची लाकडी खोकी. प्रत्येकाला नाव. हे विहिरीजवळचं. हे चढावरचं, इथं हरभरा छान येतो. हे नदीकडचं, यात पाणी साचतं, जरा बेतानं. आणि नळाला यायचं ते पाणी त्याच नदीचं, त्याच धरणाचं, म्हणून नळ आला की पहिला तांब्या ते वर न्यायचे. "आपल्या रानाचं पाणी आपल्या रानाला," इतकंच पुटपुटायचे आणि ओतायचे.

राणी त्या पिंपांतच मोठी झाली म्हणा ना. मातीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि डोळे मिटून बसायचं, हा तिचा खेळ. पुढे राजेंद्रनगरला शेतीचं शिकली, एम.एस्सी. केलं, तेही मातीतच, आणि मग झहीराबादच्या पुढे एका छोट्या संस्थेत लागली. लाल बसनं गावोगाव फिरायची, औषधं फवारून फवारून दगड झालेली रानं बघायची, शेणखत, पालापाचोळा, गांडुळं, मिश्र पिकं, बोलून बोलून घसा बसायचा. तिच्याबरोबरची पोरंपोरी झाडून सगळी अमीरपेटला कॉम्प्युटर शिकत होती, ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका. आणि हिला स्वप्न काय पडावं? आपण जमिनीला कान लावून झोपलोय आणि खाली, खूप खाली, कुणीतरी सावकाश चावतंय, कुरतडतंय, श्वास घेतंय. सबंध माती जेवायला बसल्यासारखी. हे ऐकू येणं जिथं शिकवतात ती जागा हॉलंडात आहे असं तिला कळलं आणि तिनं अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळालीसुद्धा!

राहिले आप्पा. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं हो. टिकणारी शेती म्हणजे काय, माती थकते म्हणजे काय. आप्पा ऐकत होते आणि शिंकत होते. मग सहज त्यांनी तिच्या हातातलं त्या विद्यापीठाचं पुस्तक घेतलं आणि एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. हिरवंगार कुरण, त्यात गाई, आणि गाईंच्या मागे, त्यांच्या शिंगांच्याही वर, एक मोठं जहाज चाललेलं.

"हे जहाज गाईच्या वरनं कसं काय चाललंय?"

"आप्पा, तिथं कालवा वर आहे आणि जमीन खाली. ती जमीन म्हणजे आधी समुद्राचा तळ होता. त्यांनी बांध घातला, पाणी काढून टाकलं आणि खालची जमीन मोकळी केली."

"पाण्याखालची जमीन?"

"हौ. त्यावर आता गावं आहेत, रानं आहेत."

आप्पांनी फोटो उजेडात धरला. नंतर पुष्कळ वेळ ते पिंपांच्या मधून नुसतेच फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाले, "हौ. जा तू."

राणीला इतका आनंद झाला की तिनं त्या "हौ"च्या मागे काय आहे ते बघितलंच नाही. ते दिसलं आठवड्यानं, गंगूकाकूच्या तोंडून. गंगूकाकू त्यांच्या शेताची शेजारीण, आता मलकपेठला राहणारी. तिनं राणीच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि म्हणाली, "नामदेवभाऊजी सांगालते, पोरगी पाण्याखालची जमीन वर काढायचं शिकायला चाललीय. माय माझी!"

त्यानंतर हे आवरेनाच. आप्पांनी गंजात सांगितलं, गंजातून कुकटपल्लीला गेलं, पांगलेलं सगळं गाव जागं झालं. आधी हेच लोक विचारायचे की पोरीचं लग्न सोडून शेती शिकायला कुठं धाडता, शेती तर आपण बुडवून आलो. आता तेच डोळे मोठे करून "कधी निघायलीस?" विचारायला लागले. आणि आप्पांनी ठरवलं की यंदाची येळवस सगळ्यांनी मिळून करायची. राणीच्या निरोपाची.

"आई, मी आप्पांना खरं सांगते," राणी म्हणाली होती.

आई, इंदुताई, बाजरीचे उंडे वळत होती. तिनं मान वर केली नाही. "सांग. आन् मंग बस हितंच. त्यांनी हौ म्हटलं ते कशापायी, माहीत हाय ना तुला? गप जाऊन ये. आल्यावर सांग काय सांगायचं ते."

आता कोप उभी राहिली, पद्मावती आंटीच्या स्लॅबवर, कडब्याची, चांगली दोन माणसं आत बसतील अशी. आणि माणसं यायला लागली. कुकटपल्लीहून गावाकडचे दत्तोबा आले, पांढरी टोपी, अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, कारण ड्यूटीवरून तसेच बस पकडून आले होते. गंगूकाकू आली, तिचा बबलू आला, गळ्यात कॉम्प्युटर क्लासचं ओळखपत्र. आणखी कोण कोण आले, आयाबाया, लेकरं, सगळी गच्ची भरून गेली आणि त्या बोलण्याचा वास, हो, बोलण्यालाही वास असतो, तिकडचा, धुरकट, हेल काढणारा, तो नल्लकुंट्यावर पसरला.

दत्तोबांनी कोपऱ्यातला विटेचा तुकडा उचलला आणि गच्चीच्या फरशीवर एक वाकडी रेघ ओढली.

"ही नदी."

सगळे जरा मागे सरकले. नदीला जागा दिली.

"हा गाडीरस्ता. हे मारुतीचं देऊळ. हे माझं रान, हे नामदेवाचं, ही चिंच. पोरी, नीट बघून घे. तिथं साहेबाला दाखवावं लागंल, कुठनं सुरू करायचं ते."

राणीनं आईकडे बघितलं.

"ओ दत्तोबा," गंगूकाकू पदर खोचून पुढे आली. "तुमचा बांध कुठं आला बघा जरा. नांगराच्या एका तासाएवढा इकडं सरकवलाव."

"कुठं सरकवलाव? होता तिथंच हाय!"

"माझा मालक होता तवाबी तुम्ही असंच करायचाव. नांगरटीला एक तास माझ्यातनं घ्यायचं आन् वर म्हणायचं बैल तिरपा चालला."

"बैल खरंच तिरपा चालायचा!"

"आई," बबलू म्हणाला, "पानी के नीचे है सब. कायको लडरे?"

"तू गप रे. पाण्याखाली हाय म्हणून काय त्यांचं झालं?"

सगळी गच्ची हसली. आप्पा तर इतके हसले की त्यांना शिंका लागल्या. शेवटी दत्तोबांनी चपलेनं रेघ पुसली आणि बोटभर आत नवी ओढली. "घ्या. घ्या तुमचं रान. गावात असतो तर मुडदा पडला आसता."

मग रेघा वाढतच गेल्या. प्रत्येकानं आपलं रान ओढलं. कुणाची विहीर, कुणाचं खळं, कुठं साप निघायचा, कुठं हरभऱ्याचे घाटे आधी भरायचे. आणि बसायची वेळ झाली तेव्हा कुणी न सांगता जो तो आपापल्या रानात जाऊन बसला. पत्रावळी रानात मांडल्या. लेकरं बांधावरून उड्या मारत इकडून तिकडं धावत होती. वर पतंग, खाली माणसं, मधे ऊन. राणी आंबिलीचं मडकं घेऊन उभी होती आणि तिला क्षणभर असं वाटलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत, हे सगळं तळाशी आहे, स्वच्छ, जसंच्या तसं, आणि वर जे हलतंय ते पतंग नाहीत, होड्यांची बुडं आहेत.

फेरी झाली. आप्पांनी आरोळी दिली, तीच जुनी, अर्धी कानडी अर्धी मराठी, जिचा अर्थ कुणालाच लागत नाही, आणि मागून सगळ्यांनी दिली. खालच्या रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. पिंपातल्या ज्वारीवर, हरभऱ्यावर, करडईवर आंबील पडली. प्रथेप्रमाणे आप्पांनी कठड्यावरून वाकून वाटेवरच्यांनाही हाका मारल्या, आणि एक कुरिअरवाला खरंच वर आला आणि हेल्मेट मांडीवर ठेवून मारुतीच्या देवळाशी जेवायला बसला. पद्मावती आंटीही आली. तिला नदीत बसवलं, तेवढीच जागा उरली होती.

"राणी, हिकडं ये माय." गंगूकाकूनं पिशवीतून एक डबा काढला. आत राखेत घोळलेली ज्वारी. "आपल्या रानातली. दरसाल घरामागं पत्र्याच्या डब्यात चार धाटं लावते, बी मोडू नये म्हणून. बबलू हसतो मला. चिमण्या खायाल्यात म्हणतो. पण म्हटलं, जमीन मोकळी झाली आन् बीच नसलं तर?" तिनं राणीच्या हनुवटीला हात लावला. "तू आलीस की पेरू."

राणीनं तो डबा बघितला. मग आप्पांकडे बघितलं. ते चढावरच्या आपल्या रानात मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. मालकाचा चेहरा. आई कोपीच्या तोंडाशी उभी होती आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"काकू," राणी म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काकू, दत्तोबा, आप्पा. मी पाणी काढायचं शिकायला चालले नाही. ते मला येणार नाही. ते इंजिनियर लोकांचं काम. आणि ते धरण कुणी रिकामं करणार नाही. आपण सगळे तेच पाणी पितो."

कुठंतरी लांब "काटा, काटा" अशी पोरांची ओरड झाली आणि एक पतंग गिरक्या घेत खाली गेला. कुरिअरवाल्यानं घास हातातच धरला. आंटी इकडून तिकडं बघायला लागली. "क्या हुआ? क्या बोली?"

आप्पा पत्रावळीकडे बघत होते. राणीला वाटलं, झालं. आता हे उठतील, हात धुतील, खाली जातील, आणि तो "हौ" ते परतही मागणार नाहीत, तो आपोआपच विरून जाईल आणि आपल्याला विमानात बसता येणार नाही. तिला एकदम ते सगळं दिसलं, ती मऊ काळी ओली परदेशी माती, जिला तिनं कान लावलाच नाही.

"मंग काय शिकणारेस?" आप्पांनी विचारलं. पत्रावळीकडेच बघत.

"माती, आप्पा. मेलेली माती जिवंत कशी करायची ते."

"मेलेली."

"हौ."

आप्पांनी उंडा मोडला. भज्जीत बुडवला. तो तसाच ठेवून म्हणाले, "इतकी वर्सं पाण्याखाली ऱ्हायलेली माती जित्ती आसंल का गं?"

राणी गोंधळली. पण विचारलं ते तिच्या विषयातलं होतं, आणि तिला गप्प बसता येईना. "नाही आप्पा. तिच्यात हवाच नसते. निळसर काळी पडते ती. घाण वास येतो. त्यात आपलं काहीच उगवणार नाही लगेच."

"मंग ते शिकावंच लागंल की," आप्पा म्हणाले, आणि घास तोंडात घातला.

"शिकावंच लागंल," दत्तोबांनीही मान हलवली. आपल्या रानातून ते थोडे पुढे झुकले. "ते लोक काय पेरतात गं आधी? त्या समुद्राच्या जमिनीत?"

"एक उंच गवत असतं. लव्हाळ्याचा मोठा भाऊ म्हणा. विमानातून बी टाकतात, कारण चिखलात पाय ठेवता येत नाही."

"लव्हाळं!" दत्तोबा ओरडले. "विमानातनं! आरं आमचा जन्म गेला लव्हाळं उपटण्यात!"

हसण्याचा एवढा मोठा फुगा फुटला की आंटीही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. आणि मग जो वाद सुरू झाला! गंगूकाकू म्हणाली, माझ्यात लव्हाळं चालणार नाही, मी ज्वारीच टाकणार. दत्तोबा म्हणाले, करडई, करडईचं मूळ खोल जातं, तीच फोडंल माती. आप्पा म्हणाले, चढावर हरभरा, बाकीचं तुम्ही बघा. बबलूसुद्धा, ओळखपत्र शर्टाच्या खिशात सारत, "सूर्यफूल लगाव ना, रेट अच्छा है" म्हणाला आणि आईची चापट खाऊन बसला. कोण हे खरं मानत होतं आणि कोण नुसतं बोलत होतं, राणीला कळेना. तिनं एकेका चेहऱ्याकडे बघून पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

"आरं थांबा, आपसात काय भांडता," दत्तोबा म्हणाले. "शिकलेली हाय ना बसलेली. राणी, तू सांग. पाणी गेलं. जमीन उघडी पडली. पैल्या सालाला काय पेरायचं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले, आपापल्या रेघांच्या आतून. आप्पाही.

राणीनं मडकं खाली ठेवलं. ती आप्पांच्या रानात, त्यांच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"पहिल्या वर्षी काहीच नाही पेरायचं," ती म्हणाली. "नुसती उघडी ठेवायची. त्यांच्याकडे ऊन कमी, म्हणून गवत लागतं. आपल्याकडे ऊनच खाऊ द्यायचं. भेगा पडू द्यायच्या, खोल, म्हणजे आत हवा जाईल. कुणी नांगर घालायचा नाही, कुणी पाय द्यायचा नाही."

"सबंद वर्सभर?" गंगूकाकूनं विचारलं.

"सबंध वर्षभर, काकू."

दत्तोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. कठड्यापलीकडे, पतंगांच्याही पलीकडे, ते कुठंतरी बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "वर्सभर थांबू. त्यात काय."